धडधाकट उंदराची झडती

उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, एवढं माझ्या आजीला शाळेची पायरी न चढताही ठाऊक होतं. तिच्या लहानपणी खान्देशात प्लेगचे फेरे येत. धाब्याच्या घरात सरांच्या फटीतून किंवा कणगीमागून एखादा उंदीर भरदिवसा बाहेर यायचा, माणसाला न बिचकता झिंगत चालायचा आणि अंगणातच आडवा व्हायचा. दुसऱ्या दिवशी आणखी दोन-तीन. तेवढं पुरे असायचं. माणसं भांडीकुंडी, गुरंढोरं घेऊन मळ्यात जात, झोपड्या घालत आणि ऊन चांगलं तापेपर्यंत गावात पाऊल टाकत नसत. सरकारी डॉक्टर यायच्या आत हा निर्णय झालेला असायचा आणि बहुतेक वेळा तो बरोबर असायचा.

पण आजीचं हे शहाणपण मरणाऱ्या उंदरावर उभं होतं. प्लेगचा जंतू घरउंदराला माणसाच्या आधी मारतो, म्हणून इशारा मिळायचा. विषाणूंच्या बाबतीत बहुतेकदा असं होत नाही. हंता विषाणू फुप्फुसात आणि मूत्रपिंडात बाळगणारा उंदीर व्यवस्थित खातो, पिलं घालतो, रात्री पोत्यांवरून पळतो आणि लघवीतून, लेंड्यांतून, लाळेतून महिनोन्महिने विषाणू बाहेर टाकत राहतो. त्याला स्वतःला काहीही होत नाही. असा धडधाकट उंदीर कोणाला सावध करणार? त्याला पकडून, त्याचं रक्त आणि अवयव तपासूनच काय ते कळतं. शेतातल्या, गोदामातल्या, गटारातल्या उंदरांची विषाणूंसाठी तपासणी करण्याचं काम जगात ठिकठिकाणी चालतं, ते एवढ्यासाठी.

मी अमळनेरला प्राणिशास्त्र शिकवलं. आमच्या काळी प्रात्यक्षिकाला पांढरा उंदीर असायचा. क्लोरोफॉर्मचा वास, मेणाच्या ताटलीत टाचण्या आणि मागच्या बाकावरची एखादी मुलगी हमखास चक्कर येऊन पडलेली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन बंद केलं, ते बरंच झालं. पण माझं उंदरांशी असलेलं नातं काही त्या ताटलीपुरतं नव्हतं. विद्यार्थ्यांना घेऊन गावातले आणि शेतातले उंदीर ओळखायचे, कुठे कोणती जात राहते याची वही ठेवायची, हा माझा छंद निवृत्तीनंतरही सुटला नाही. आमचे शेजारी नाना, त्यांची बाजारात आडत आहे. मी त्यांच्या गोदामात पिंजरे लावायची परवानगी मागितली आणि कशासाठी ते सांगितलं, तेव्हा ते अहिराणीत म्हणाले, "मॅडम, उंदरले मारानं का त्यानं रंगत तपासानं?"

प्रश्न रोकडा आहे. उंदीर मारायचा सोडून त्याचं रक्त कसलं तपासायचं? याचं उत्तर द्यायला मला थोडं मागे जावं लागतं, मुंबईच्या मांडवीपर्यंत.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग आहे हे पहिल्यांदा ओळखलं ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, आणि तो भाग होता मांडवीचा, म्हणजे धान्याच्या वखारींचा. त्या वखारींत आधी उंदीर मेले होते. पण उंदराचा आणि माणसाच्या गाठीचा संबंध नेमका काय, हे तेव्हा कोणाला नीट सांगता येत नव्हतं. कोणी म्हणे जमिनीतून विष येतं, कोणी म्हणे हवेतून. त्यापायी घरं धुतली गेली, सामान जाळलं गेलं, माणसांना छावण्यांत कोंबलं गेलं. पुण्यात या सक्तीचं पुढे काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. आजाऱ्यांना दवाखान्यात पोचवता पोचवता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला प्लेगनेच गेल्या.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एक साधा प्रयोग केला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. प्लेगने मरायला टेकलेला उंदीर एका बरणीत ठेवला, त्याच्याजवळ जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर ठेवला. दोघांचा स्पर्श होणार नाही, पण पिसवा इकडून तिकडे जाऊ शकतील, अशी व्यवस्था. निरोगी उंदीर मेला. सिमोंवर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. खरा निकाल लागला तो १९०५ नंतर, परळच्या प्रयोगशाळेत. तीच आजची हाफकिन संस्था. तिथे प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी छोट्या झोपड्या बांधून त्यांत गिनीपिग सोडले. माकडांचे काही पिंजरे जमिनीवर ठेवले, काही वर टांगले. जमिनीवरच्यांना प्लेग झाला, टांगलेले वाचले. पिसवेची उडी ती किती? चार-पाच इंच.

या प्रयोगांइतकंच मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरं, कंटाळवाणं काम. मुंबई शहरातून उंदीर गोळा व्हायचे, कोणत्या गल्लीतून आला त्याची चिठ्ठी लागायची आणि परळला ते फाडून बघितले जायचे. रोज. हजारोंनी. मानेखालची गाठ सुजली आहे का, यकृतावर ठिपके आहेत का, फुप्फुसाभोवती पाणी आहे का. यातून कळलं की प्लेग आधी गटारातल्या मोठ्या तपकिरी उंदरांत वाढतो, काही दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत येतो आणि त्यानंतर काही दिवसांनी माणसांत. म्हणजे उंदरांची वही नीट ठेवली तर कोणत्या गल्लीत माणसं आजारी पडणार हे आधी सांगता येतं. ही सवय मुंबईने अगदी सोडलेली नाही. महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक हातात काठी आणि विजेरी घेऊन गल्ल्यांत फिरतात, एका रात्रीत तीस उंदरांचा कोटा पुरा करतात आणि त्यातले काही उंदीर प्लेगच्या तपासणीसाठी परळला जातात. या नोकरीसाठी पदवीधरांचेही अर्ज येतात, यावर वर्तमानपत्रांत हसूनही झालं आहे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही.

आमच्याकडे, खान्देशात, असं कोणी उंदीर मोजत नव्हतं. रेल्वे मात्र होती. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातली लाइन सुरतेहून अमळनेरपर्यंत आली आणि जळगावला जोडली गेली. कापूस, सरकी, दादर ज्वारी, गहू या मालाबरोबर काळा उंदीरही वाघिणीतून प्रवास करतो, त्याला तिकीट लागत नाही.

याच लाइनने १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेहून माणसं परतली. सुरतेत, वेड रोडच्या भागात, फुप्फुसाचा प्लेग झाल्याची बातमी फुटली आणि दोन-चार दिवसांत लाखो माणसं शहर सोडून पळाली. तिथल्या लिंबायत, उधना भागांतल्या यंत्रमागांवर आणि कारखान्यांत आपल्या खान्देशातली घरटी माणसं आहेत. भुसावळ पॅसेंजर दारापर्यंत लोंबकळत यायची. स्टेशनावर उतरणाऱ्यांच्या तोंडाला रुमाल, घ्यायला आलेल्यांच्याही तोंडाला रुमाल. मेडिकलमधल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या संपल्या, मग ज्यांना सर्दीसुद्धा नव्हती ते लोक त्या कुठून मिळतात याची चौकशी करत फिरले. सुरतेत पन्नासच्या वर माणसं गेली.

पण त्याच्या आधी, ऑगस्टात, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले होते. पिसवांचा त्रास फार वाढल्याची तक्रार गावकऱ्यांनी केली होती, मग गाठीचे रोगी दिसू लागले. आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. भीतीने लोक घरांबाहेर राहिले, धान्य आत राहिलं, उंदरांचं फावलं, असं त्याचं एक कारण सांगितलं गेलं. माझ्या आजीने हे गाव एका दिवसात रिकामं केलं असतं.

प्लेगची कथा इतकी लांबवायचं कारण आहे. उंदीर तपासण्याची जी काही शिस्त आपल्याकडे होती ती सगळी प्लेगसाठी होती. प्लेग ओसरला, प्रतिजैविकं आली आणि शिस्तही ओसरली. दरम्यान शास्त्राला उंदरांच्या अंगात वेगळंच काही सापडत होतं, आणि त्यातली एक महत्त्वाची गोष्ट भारतातच सापडली होती.

१९६४ मध्ये तमिळनाडूतल्या वेल्लोरजवळ, तोट्टपाळयम नावाच्या वस्तीत, डासांवाटे पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेताना एक चिचुंद्री पकडली गेली. तिच्यात एक विषाणू मिळाला. तो कोणत्या कुळातला हे तेव्हा कळेना, तेव्हा वस्तीचंच नाव देऊन तो ठेवून दिला. पुढे कोरियात ली हो-वांग यांनी १९७० च्या दशकात शेतातल्या पट्टेरी उंदराच्या फुप्फुसात एक विषाणू शोधला. कोरियन युद्धात हजारो सैनिकांना ताप, रक्तस्राव आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा जो गूढ आजार झाला होता, त्याचं हे कारण. हंतान नदीवरून त्याला नाव मिळालं. मग लक्षात आलं की वेल्लोरची ती चिचुंद्री याच कुळातला विषाणू बाळगून होती, आणि तो हंतानच्याही आधी हाती आला होता. चिचुंद्री, जी आमच्या मोरीपासून माजघरापर्यंत चिकचिक करत फिरते आणि जिला कोणी मारत नाही. (ती उंदीर नव्हेच. तिचं लांब सोंडेसारखं तोंड आणि बारीक अणकुचीदार दात पाहा. ती किडे खाते. परीक्षेत हे लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापायची.) तिच्या त्या विषाणूने माणसं आजारी पडतात असा ठोस पुरावा नाही, हेही लगेच सांगते, नाहीतर उद्या गावात चिचुंद्र्यांची कत्तल व्हायची.

पुढची माहिती मात्र आमच्या बाजारपेठेच्या जवळची आहे. थायलंडमध्ये मोठ्या घुशीत एक हंता विषाणू मिळाला. मादागास्करमध्ये काळ्या घरउंदरात मिळाला. बंदरांतल्या तपकिरी उंदरात सेऊल नावाचा विषाणू असतो आणि जहाजांबरोबर तो जगभर गेला आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी उंदरांऐवजी माणसं तपासली, आणि कोणती? मूत्रपिंडाचे जुने रोगी, गोदामांत काम करणारे मजूर, आणि उंदीर पकडणारे इरुळा आदिवासी. यांच्यापैकी काहींच्या रक्तात हंता विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे या माणसांची कधीतरी त्या विषाणूशी गाठ पडली होती. तापाचं निदान बहुधा दुसरंच काही झालं असेल किंवा झालंच नसेल. गोदामातले मजूर म्हणजे कोण? अमळनेरच्या भाषेत हमाल आणि मापाडी.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचंही एक काम सांगण्यासारखं आहे. ही संस्था १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने सुरू झाली. ई प्रकारच्या काविळीवर तिथे विद्या अरणकल्ले यांच्या गटाने मोठं काम केलं आहे. ही कावीळ आपल्याकडे घाण पाण्यातून साथीने येते. २००१ मध्ये त्यांनी जनावरं तपासल्याचं प्रसिद्ध केलं; त्यात डुकरं होती, गुरं होती, कुत्री होती आणि काळे उंदीर, घुशीही होत्या. काही उंदरांत ई काविळीच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं मिळाली. पण डुकरांतला विषाणू वेगळ्या प्रकारचा निघाला आणि आपल्या माणसांतला वेगळ्या, म्हणजे आपल्या साथींचं खापर डुकरावर फोडता येत नाही. उंदरांत तर या विषाणूचा एक निराळाच भाऊबंद असतो. त्याची लागण माणसाला होत नाही असं समजत होते. २०१८ मध्ये हाँगकाँगला एका यकृतरोपण झालेल्या माणसात तो सापडला. उंदरांच्या अंगात काय आहे हे आधी नोंदवलेलं होतं, म्हणूनच त्या रोग्यातला विषाणू उंदराचा आहे हे ओळखता आलं. नानांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे.

आता हे करतात कसं, ते सांगते.

पहिली अडचण उंदीर पकडण्याची. घरउंदीर नवी वस्तू दिसली की तिच्यापासून लांब राहतो. म्हणून पिंजरे आधी काही रात्री उघडेच, अडकवण न लावता, खाणं घालून ठेवतात. शेतकरी झिंक फॉस्फाइडचं विष घालण्याआधी दोन-तीन दिवस नुसतं कणकेचं आमिष ठेवतो, तीच युक्ती. आमिष काय ठेवावं यावर पुस्तकांत पीनट बटर लिहिलेलं असतं. खान्देशात शेंगदाणे कुटून, थोडं तेल आणि भाजलेल्या सुकटीचा वास, यापुढे काही चालत नाही, आणि हे मी सगळ्या पुस्तकांविरुद्ध लिहून द्यायला तयार आहे. पिंजरे संध्याकाळी लावायचे आणि सकाळी ऊन चढायच्या आत उचलायचे, नाहीतर एप्रिलात पत्र्याच्या पिंजऱ्यातला उंदीर भाजून मरतो आणि त्याचं रक्त कोणत्याच कामाचं राहत नाही.

माझं काम इथपर्यंतच, म्हणजे जात ओळखणं आणि सोडून देणं. पुढचं काम घरात किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत करायचं नाही, आणि हौसेने तर मुळीच नाही. त्यासाठी प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिक समितीची परवानगी लागते, हातमोजे, अंगरखा, एन-९५ पट्टी लागते, आणि उंदराला गुंगीचं औषध देऊन मगच हात लावतात. वजन, डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, शेपटीची लांबी, मागच्या पावलाची, कानाची मापं घेतात. काळ्या उंदराची शेपटी अंगापेक्षा लांब, घुशीची आखूड; पण पिल्लं आणि अर्धवट वयाचे उंदीर अनुभवी माणसालाही चकवतात, म्हणून शेवटी जातीची खात्री डीएनएवरून करतात. अंगावरच्या पिसवा, गोचीड, चिगर नावाचे बारीक लाल किडे विंचरून वेगळ्या कुपीत घालतात. २०१८ मध्ये विदर्भात ज्या स्क्रब टायफसने माणसं दगावली, तो याच चिगरांमुळे होतो. मग रक्त, आणि फुप्फुस, यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, आतडं यांचे तुकडे. ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये किंवा उणे ८० अंशांच्या शीतकपाटात जायला हवेत, कारण यातले बरेच विषाणू आरएनएचे असतात आणि आरएनए उन्हात कोथिंबिरीसारखं सुकतं. अमळनेरहून पुण्यापर्यंत ही थंडी टिकवणं हे या कामातलं सर्वांत अवघड प्रकरण आहे. मे महिन्यात इथलं तापमान ४५ अंशांच्या आसपास जातं.

या बाबतीत अलीकडे एक सोय झाली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जैवसुरक्षेच्या तिसऱ्या पातळीची फिरती प्रयोगशाळा, म्हणजे एका बसमध्ये बसवलेली पूर्ण बंदिस्त प्रयोगशाळा, फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्या नाशिकलाच सुरू झाली. २०२३ मध्ये केरळात निपाह आला तेव्हा ती कोझिकोडला नेली होती. निपाहवरून आठवलं: मार्च २०२० मध्ये पुण्याच्या संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं पकडून तपासली आणि काहींत निपाहच्या खुणा मिळाल्या. महाबळेश्वरात निपाहचा एकही रोगी नव्हता. रोगी नसताना, कोणी बोंब मारलेली नसताना तपासणं, हाच तर मुद्दा आहे.

प्रयोगशाळेत दोन वेगळे प्रश्न विचारले जातात आणि बातम्यांत त्यांची नेहमी गल्लत होते. एक, उंदराच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत का? असली तर त्याला पूर्वी कधीतरी लागण झाली, किंवा निदान जवळच्या एखाद्या विषाणूची झाली. दुसरा, त्याच्या अंगात आत्ता विषाणू आहे का? हा प्रश्न आरटी-पीसीआरने सोडवतात. कोविडने ही चाचणी सगळ्यांच्या तोंडी बसवली. न्यूयॉर्कमध्ये ७९ उंदीर तपासले तेव्हा १३ उंदरांत कोरोनाच्या प्रतिपिंडांच्या खुणा मिळाल्या. यावरून आपल्याकडे 'उंदरांमुळे कोरोना' असे मथळे झाले. त्या उंदरांनी माणसाला कोरोना दिला असं कोणी म्हटलेलंच नव्हतं. माणसाचा तो सांडपाण्यातून किंवा कचऱ्यातून उंदरांकडे गेला असावा, असा अंदाज होता.

किती उंदीर तपासले म्हणजे पुरे? नाना म्हणाले, दहा-वीस बघून घ्या. गणित असं आहे: शंभर उंदरांपैकी पाचांत विषाणू असेल, तर त्यातला किमान एक आपल्या पिंजऱ्यात सापडेल याची ९५ टक्के खात्री मिळवायला सुमारे साठ उंदीर लागतात. शंभरात एकाच उंदरात असेल तर तीनशे. आणि हे एका जातीचे, एका भागातले. घूस वेगळी मोजायची, काळा उंदीर वेगळा, बोरी नदीकाठच्या शेतातले मऊ केसांचे उंदीर वेगळे. वीस उंदीर तपासून "अमळनेरात काही नाही" असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ फक्त वीस उंदरांत काही नाही, एवढाच.

आता थोडं कडू बोलते. उंदरांच्या अंगातले सगळेच विषाणू मोजून काढायचे, या हौसेवर माझा विश्वास नाही. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या १३३ तपकिरी उंदरांत कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने १८ नवे विषाणू शोधले. अमेरिकन सरकारचा 'प्रेडिक्ट' नावाचा प्रकल्प २००९ पासून दहा-अकरा वर्षं चालला, सुमारे २० कोटी डॉलर खर्च झाले, वटवाघळं, माकडं, उंदीर यांच्यात नऊशेच्या वर नवे विषाणू मिळाले. एवढं होऊन कोविडची चाहूल काही लागली नाही. नवा विषाणू सापडणं म्हणजे नवा रोग सापडणं नव्हे. बहुतेक विषाणू त्या प्राण्याबाहेर जगू शकत नाहीत. आपल्यासारख्या तालुक्याला याद्या नकोत. ठरलेली चार-पाच ठिकाणं हवीत: बाजार समितीची गोदामं, रेल्वेचा मालधक्का, जिनिंगचे आवार, नदीकाठची वस्ती, एखादं ऊस किंवा गव्हाचं शिवार. ठरलेले मोजके रोग हवेत: हंता, उंदरांची ई कावीळ, विषाणू नसले तरी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), स्क्रब टायफस आणि जुना प्लेग. पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी, दरवर्षी, तीच ठिकाणं, तीच वही. आणि त्याच गोदामांतल्या हमालांचं रक्त, त्यांना विचारून, त्यांना निकाल सांगून. परळच्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी जे हाताने आणि नुसत्या डोळ्यांनी केलं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

नानांच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर द्यायचं राहिलं. मारून टाका म्हणजे प्रश्न मिटला, असं उंदरांच्या बाबतीत होत नाही. प्लेगच्या काळात हे लोकांना महागात पडलं: उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या उपाशी पिसवा दुसरं गरम अंग शोधतात, म्हणून प्लेगच्या ठिकाणी आधी पिसवा मारायच्या आणि मग उंदीर, असा नियम झाला. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात संशोधकांनी काही गल्ल्यांतले थोडे उंदीर मारून पाहिले. उरलेल्या उंदरांत लेप्टोचे जंतू बाळगणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. उंदरांची टोळी मोडली की उरलेले एकमेकांच्या जागेत शिरतात, भांडतात, चावतात, आणि जंतू हिंडतात, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. म्हणजे उंदीर कमी करायचेच, पण अर्धवट मारून सोडून द्यायचे नाहीत. त्यापेक्षा धान्य उघडं ठेवू नये, पोती भिंतीपासून हातभर लांब आणि फळ्यांवर रचावीत, दाराखालच्या फटी पत्र्याने बुजवाव्यात. नाना म्हणाले, "हे तर मना बापबी सांगे." सांगत असणारच. त्यांच्या वडिलांनी प्लेग पाहिला होता.

नानांनी पिंजरे लावू दिले, पण त्यांचा एक हट्ट होता: गोदाम झाडताना काय करायचं ते आधी सांगा. हंता विषाणू माणसात जातो तो बहुतेक वेळा वाळलेल्या लेंड्या आणि लघवीच्या धुळीतून, श्वासावाटे. म्हणून महिनोन्महिने बंद असलेलं गोदाम, धान्याची खोली किंवा माळा उघडला की आधी दारं-खिडक्या उघडून बराच वेळ वारा खेळू द्यायचा. कोरडा झाडू लावायचा नाही. लेंड्यांवर आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडून पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग ओल्या फडक्याने पुसून ते फडकं आणि कचरा पिशवीत बांधून टाकायचा. मेलेला उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर भिरकावायचा नाही. पिशवीत हात घालून उचलायचा, पिशवी उलटी करून गाठ मारायची. नाकातोंडावर चांगली पट्टी. आमच्या हमालांपैकी एकाने विचारलं की गमछा चालेल का. धूळ अडवायला थोडाफार चालेल, विषाणू अडवायला नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगितली. पावसाळ्यात ताप आला, प्लेटलेट कमी झाल्या, लघवी कमी झाली, तर दवाखान्यात डेंगीची तपासणी होते, ते योग्यच आहे. ती नकारात्मक आली आणि ताप उतरेना, तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं, की मी गोदामात काम करतो आणि तिथे उंदीर आहेत. लेप्टो आणि स्क्रब टायफसवर साधी, स्वस्त औषधं आहेत आणि ती लवकर सुरू झाली तर माणूस वाचतो. हंतावर असं औषध नाही, पण मूत्रपिंडाकडे वेळेवर लक्ष दिलं तर पुष्कळ रोगी बरे होतात. डॉक्टरच्या कागदावर धंद्यासाठी एक रकाना असतो. हमालांच्या कागदांवर तिथे बहुतेकदा नुसतं 'मजूर' लिहिलेलं असतं. 'धान्य गोदामात हमाल', असं लिहायला सांगा, एवढं मी त्यांना म्हटलं.